95 तास कुठे गेले? कोथरूडच्या एका डिझाइन ऑफिसमधलं अपडेटचं प्रकरण

1 एप्रिल 2025, मंगळवार. मार्चचे तास काढायला सकाळी रिपोर्ट उघडला आणि आधी वाटलं, फिल्टर चुकला असेल. फेब्रुवारीत आमच्या जर्मन ग्राहकाच्या कामावर पाच जणांचे मिळून 486 तास लागले होते. मार्चचा आकडा दिसत होता 391. फेब्रुवारीत शिवजयंती आणि महाशिवरात्र वजा जाता कामाचे दिवस 18, मार्चमध्ये धुळवड आणि ईद वजा जाता 19. माणसं तीच. ड्रॉइंगं उलट जास्त गेली होती, 64 च्या जागी 71. दिवस वाढले, काम वाढलं आणि तास 95 नी घटले.

आमचं ऑफिस कोथरूडला, डहाणूकर कॉलनीत. नऊ जण आहोत. वेल्डिंगची आणि मशीनिंगची फिक्स्चर्स, म्हणजे काम चालू असताना भाग जागेवर घट्ट धरून ठेवणाऱ्या चौकटी, डिझाइन करतो. निम्मं काम भोसरी-चाकणच्या कारखान्यांचं, त्याचे पैसे ठोक रकमेत ठरतात, तिथे तास कुणी विचारत नाही. उरलेलं काम जर्मनीतल्या एका कंपनीचं, ते तासावर. त्यामुळे प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर काम आणि वेळ नोंदवायचं एक ॲप असतं: जॉब नंबर निवडायचा, टायमर चालू करायचा, संपलं की बंद. महिनाअखेर मी त्यातून रिपोर्ट काढते आणि त्यावरून बिल बनतं. प्लॅनिंग आणि बिलिंग माझ्याकडे, त्यामुळे हे प्रकरणही माझ्याच टेबलावर सुरू झालं.

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे झालं ते या जातीच्या कुठल्याही ॲपमध्ये होऊ शकतं.

अपडेट टाकलं होतं गुरुवारी, 27 फेब्रुवारीला. ज्यांचं एमआयडीसीशी काम असतं त्यांना गुरुवार का ते सांगायला नको. भोसरीची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी, त्यामुळे फोन शांत असतात. वीजदुरुस्तीसाठी लाईट जायची असली तर तीही बहुधा गुरुवारीच. म्हणून बॅकअप, अँटिव्हायरस, अपडेट ही कामं आमच्याकडे गुरुवारची. नव्या आवृत्तीबरोबर एक पानभर टिपण आलं होतं. हालचाल नसेल तर टायमर आपोआप थांबणार, कुठल्या खिडकीत किती वेळ गेला त्याची आपोआप पट्टी बनणार, रिपोर्टमध्ये वेळ गोळाबेरीज करून, म्हणजे ठोकळ आकड्यात, मिळणार, इंटरनेट नसताना केलेल्या नोंदी नंतर जुळवल्या जाणार, रिपोर्ट ग्राहकाच्या वेळेनुसार काढता येणार. वर लिहिलं होतं की वेळ आता अधिक अचूक मोजली जाईल. मी तेवढंच वाचलं आणि अर्ध्या तासात नऊही मशीनवर ते टाकून दिलं. यातली कुठली गोष्ट आपोआप चालू होऊन आली आहे आणि कुठली आपण चालू करायची आहे, हे तेव्हा बघायला हवं होतं.

आकडा दिसल्यावर मी प्रत्येकाचा वेगळा रिपोर्ट काढला. त्यात एक नवा रकाना होता: आयडल. सर्वात मोठा आकडा काकांच्या नावापुढे.

काका आमचे सर्वात जुने ड्राफ्ट्समन. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरपासून काम केलेला माणूस. आता ते स्वतः फारसं मॉडेलिंग करत नाहीत, त्यांचं काम चेकिंग. ए-1 कागदावर प्रिंट काढतात, टेबलावर पसरतात आणि एकेक माप बघत जातात. बरोबर असेल त्यावर पिवळं हायलायटर, चूक असेल तिथे लाल पेन. सगळा कागद पिवळा झाल्याशिवाय ड्रॉइंग ऑफिसबाहेर जात नाही. रिपोर्ट त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून तो रकाना दोनदा वाचला. 11 मार्चच्या ओळीत आयडल 2 तास 40 मिनिटं.

“मॅडम, त्या दिवशी मी बेस प्लेट तपासत होतो,” ते म्हणाले. “डॉवेलच्या, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या पिनांच्या, दोन भोकांमधलं अंतर चुकलं होतं ते त्याच दिवशी सापडलं. आणि हे म्हणतंय मी रिकामा बसलो होतो?”

मी त्यांना म्हटलं, तसं नाही काका, हा नुसता तांत्रिक शब्द आहे. पण बोलताना मला ते पटत नव्हतं. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ काहीही असो, आमच्या ऑफिसात त्याचा अर्थ रिकामा असाच होतो. पस्तीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या नावापुढे तो छापून आला होता. त्या दिवशी मी ठरवलं की हे 95 तास मुळापर्यंत जाऊन बघायचे, बिलासाठी तर खरंच, पण काकांसाठीही.

आधी ॲप काय करतं ते समजून घेतलं. त्यात जादू काही नाही. शेवटची कळ केव्हा दाबली किंवा माउस केव्हा हलला याची नोंद विंडोज स्वतःच ठेवतं. ॲप दर थोड्या वेळाने ती विचारतं आणि आत्ताच्या वेळेतून वजा करतं. येणारं अंतर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झालं की माणूस जागेवर नाही असं धरतं. आमच्या ॲपमध्ये ही मर्यादा 5 मिनिटं लागून आली होती, आणि मर्यादा ओलांडली की तो वेळ न विचारता वजा करायचा, हेही लागून आलं होतं. ॲक्टिव्हिटीवॉच नावाच्या फुकट मिळणाऱ्या ॲपमध्ये हीच मर्यादा मुळात 3 मिनिटांची असते, पण तिथे त्या अवस्थेला कीबोर्डपासून दूर असं म्हणतात. मला हा शब्द प्रामाणिक वाटतो. ॲपला खरोखर माहीत असतं ते एवढंच.

आता आमच्या कामात कीबोर्डपासून दूर कोण कोण असतं? काका तर असतातच. स्ट्रेस ॲनालिसिस बघणारी ताई मॉडेलला मेश लावून, म्हणजे त्याचे बारीक तुकडे पाडून, सॉल्व्हर चालू करते, म्हणजे ताणाचं गणित सोडवणारा प्रोग्राम. तो कधी 20 मिनिटं घेतो, कधी तास. त्या वेळात ती आधीच्या रनचे निकाल वहीत मांडते किंवा लोड केसचं गणित कागदावर करते. प्रोसेसर घाम गाळत असतो, पण माउस हललेला नसतो. नवा मुलगा व्हर्नियर घेऊन नमुन्याच्या कास्टिंगची मापं घेतो. मी स्वतः जर्मनीशी फोनवर बोलत असते.

अंदाजाने भांडण्यात अर्थ नव्हता. 2 ते 11 एप्रिल, महावीर जयंती आणि शनिवार-रविवार सोडून 7 दिवस, पाचही जणांनी टायमरबरोबर कागदी डायरी ठेवायची असं ठरलं. दोनशे पानी वही, समास आखलेला, जॉब नंबर, सुरू, बंद, काय केलं. कुरकुर झाली, पण ठेवली सगळ्यांनी. डायरीतून 168 तास निघाले, ॲपमधून 141. फरक 27 तासांचा, आणि तो ओळ-ओळ लावून बघता आला. 11 तास कागदावरच्या चेकिंगचे. 9 तास सॉल्व्हर चालू असताना ताई त्याच कामावर बसलेली होती त्याचे. 5 तास फोन आणि मोजमापाचे. उरलेले 2 तास मात्र हालचालीचे नव्हते, ते खाल्ले होते गोळाबेरजेने.

हे दोन तास छोटे आहेत, पण ते कसे गेले हे बघण्यासारखं आहे. नव्या रिपोर्टमध्ये प्रत्येक नोंद जवळच्या 15 मिनिटांना नेली जात होती. 7 मिनिटांचा फोन असेल तर जवळचा आकडा शून्य. दिवसात असे चार फोन झाले तर खरे 28 मिनिटं, रिपोर्टमध्ये शून्य. हीच गोळाबेरीज प्रत्येक नोंद वर नेणारी असती तर त्याच चार फोनांचा एक तास झाला असता. आणि दिवसाची बेरीज आधी करून मग 15 मिनिटांना नेली असती तर 30 मिनिटं आली असती, म्हणजे खऱ्याच्या सर्वात जवळ. तिन्ही पर्याय सेटिंगमध्ये एकाखाली एक होते. दिसायला सारखे.

इथपर्यंत मला वाटत होतं की प्रकरण उलगडलं: जुनं बरोबर मोजत होतं, नवं कमी मोजतं, सेटिंग बदला, संपलं. ताईने विचारलं, “मग फेब्रुवारीचं जुळवून बघितलंत का?”

नव्हतं बघितलं. डायरीप्रमाणे एका माणसाचे या ग्राहकासाठी दिवसाला 4.8 तास येत होते. मार्चमध्ये नव्या ॲपने दाखवले 4.1. फेब्रुवारीत जुन्याने दाखवले होते 5.4. काम त्याच प्रकारचं, माणसं तीच, मग 5.4 कुठून आले?

उत्तर जेवणाच्या सुट्टीत सापडलं. जुनी आवृत्ती वेळ काढायची ती बंद केल्याच्या वेळेतून सुरू केल्याची वेळ वजा करून. मधे मशीन झोपलं, माणूस उठून गेला, डबा खाऊन आला, कशाचाच तिला पत्ता नसायचा. आमची जेवणाची सुट्टी सव्वा ते दोन. फेब्रुवारीच्या नोंदी मी एकेक करून तपासल्या. पाच जणांचे 18 दिवस म्हणजे 90 माणूस-दिवस, त्यातल्या 61 दिवशी सकाळचा टायमर जेवणावरून सरळ पुढे चालत गेला होता. 61 गुणिले पाऊण तास, जवळपास 46 तास. शिवाय संध्याकाळी बंद करायचा राहिलेल्या टायमरचे 6. मिळून 52 तास. 486 मधून वजा केले तर 434 उरतात, आणि डायरीचे 4.8 धरून 90 दिवसांचे होतात 432. इतकं जुळलं की मला दोन मिनिटं काही सुचेना.

म्हणजे आम्ही जर्मन ग्राहकाला आमच्या पोळी-भाजीचं बिल लावत होतो. जाणूनबुजून नाही, पण लावत होतो. नवी आवृत्ती जेवणाची सुट्टी बरोबर कापत होती आणि त्याच कात्रीने काकांचं चेकिंगही कापत होती. दोन्ही आवृत्त्यांना काम म्हणजे काय ते आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. आमच्या आमच्यातही ते कधी बोललो नव्हतो.

ऑफिस चालवणाऱ्या आमच्या सरांना हे सगळं एका कागदावर लिहून दाखवलं. सरांनी पहिल्यांदा विचारलं ते, “फेब्रुवारीचं त्यांना सांगायलाच हवं का? पैसे येऊन गेलेत.” प्रश्न मला वाईट वाटला नाही. छोट्या ऑफिसात 52 तास ही रक्कम लहान नसते. मी म्हटलं, मार्चचे वजा झालेले तास परत मागायचे असतील तर कशाच्या आधारावर मागतोय ते दाखवावं लागेल, आणि तोच आधार फेब्रुवारीच्या विरुद्ध जातो. एक दाखवून दुसरं झाकता येणार नाही. सर थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले, मग म्हणाले, लिहा मेल.

मार्चचे किती तास परत मागायचे यावर मी कडक राहिले. डायरी मार्चमध्ये नव्हती, म्हणून डायरीची सरासरी लावून सरसकट 65 तास मागायचे हा मार्ग सोडून दिला. कापलेल्या प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट ॲपच्या नोंदीत शिल्लक होता. त्यापुढे दुसरा स्वतंत्र पुरावा असेल तरच तो धरायचा. काकांच्या प्रत्येक चेक-प्रिंटच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि सही असते. ती सवय ड्रॉइंग बोर्डाच्या काळापासूनची, आणि तिने आम्हाला वाचवलं. सॉल्व्हर प्रत्येक रनची लॉग फाईल लिहितो, त्यात सुरू-बंदची वेळ असते. फोनची यादी फोनमध्ये होती. या तिन्हींवरून 48 तास सिद्ध झाले. उरलेले सोडले. 391 अधिक 48 म्हणजे 439, त्यातून फेब्रुवारीचे 52 वजा, बिल गेलं 387 तासांचं. मूळ रिपोर्टपेक्षाही 4 तास कमी.

तिकडच्या प्रोजेक्ट मॅनेजरबाईंनी दोन दिवसांनी फोन केला. चेकिंगचे तास इतके असतात हे त्यांना माहीतच नव्हतं. आमच्या बिलात ते कायम डिझाइनमध्येच मिसळलेले असायचे. चेकिंगची ओळ पुढच्या बिलापासून वेगळी दाखवा, असं त्यांनी सांगितलं. बाकी काही वाद झाला नाही.

मग सेटिंग बदललं. सर्वात महत्त्वाचा बदल एका कळीचा होता: हालचाल नसेल तर न विचारता वजा करू नकोस, परत आल्यावर विचार. आता माणूस जागेवर आला की छोटी खिडकी उघडते, मधला वेळ ठेवायचा, काढायचा की दुसऱ्या जॉबला लावायचा. मर्यादा 5 वरून 15 मिनिटं केली. चेकिंग आणि मोजमाप यांना वेगळी कामं म्हणून यादीत घातलं आणि त्यांच्यापुरती हालचाल बघायची सोय बंद केली. मशीन झोपलं की टायमर थांबायचा, तो पर्याय मात्र चालू ठेवला, कारण जेवणाच्या वेळचा तोच पहारेकरी आहे. गोळाबेरीज दिवसाच्या बेरजेवर. रिपोर्टची वेळ भारतीय. जर्मनी हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन. त्यांच्या वेळेने रिपोर्ट काढला तर आपण रात्री एक-दोनला केलेलं काम आदल्या तारखेत जातं, आणि महिन्याची पहिली तारीख असेल तर आदल्या महिन्यात. आमच्याकडे एकच तास असा सरकला होता. त्यावर अधिक लिहित नाही.

खिडक्यांच्या पट्टीबद्दल मात्र लिहायलाच हवं. कुठली खिडकी किती वेळ उघडी होती हे ॲप खिडकीच्या नावासकट टिपतं. ताईने स्वतःची पट्टी उघडून मला दाखवली. त्यात ग्राहकाच्या पार्ट नंबरसकट फाईलची नावं होती, जी आम्ही गोपनीयता करारात बाहेर न देण्याचं कबूल केलं आहे. त्याच पट्टीत तिच्या आईच्या तपासणी अहवालाच्या पीडीएफचं नावही होतं, जेवणाच्या वेळात उघडलेलं. आमच्या ॲपमध्ये ही पट्टी त्या त्या मशीनवरच राहते, पण एका बटणाने ती नोंदींमध्ये जाते आणि नोंदी सर्व्हरवर जातात. ते बटण दाबायला कुणालाही एक क्षण पुरतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की माणसाची माहिती घेताना काय आणि कशासाठी घेतोय ते त्याला कळलं पाहिजे. कायदा बाजूला ठेवला तरी ताईच्या आईचा अहवाल बघण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. पट्टी नऊही मशीनवर बंद केली, साठलेली पुसली, आणि ती पुसली गेली हे प्रत्येकाला त्याच्या मशीनवर दाखवलं.

आता अपडेट आलं की त्याचं टिपण गुरुवारी चहाच्या वेळी मोठ्याने वाचलं जातं. वाचायचं काम नव्या मुलाचं, मराठीत सांगायचंही त्याचंच. आधी एका मशीनवर टाकतो, माझ्या. जुन्या नोंदींची फाईल वेगळी काढून ठेवतो. महिन्याचं बिल गेल्याशिवाय बाकीच्यांना हात लावत नाही. जुलैत जे अपडेट आलं त्यात माणसाने तासाला किती कळा दाबल्या त्याचे गुण देणारी सोय होती. मुलाने ते वाचलं आणि काकांनी विचारलं, “हे गुण बघणार कोण?” कोणाकडेच उत्तर नव्हतं, म्हणून ती सोय बंद राहिली.

मे महिन्यात कामाचे दिवस 20 होते आणि पाच जणांचे तास 474 भरले, म्हणजे माणशी दिवसाला 4.7 च्या थोडे वर. डायरीच्या आकड्याजवळ. रिपोर्टच्या साच्यात रकान्यांची नावं बदलता येतात हे मला तेव्हाच कळलं, आणि तो रकाना मी बदलला. आता तिथे लिहिलेलं असतं, कीबोर्डपासून दूर.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. ताई कधीकधी मोठा रन संध्याकाळी लावून घरी जाते, तो रात्री आठ-आठ तास चालतो. माणूस नाही, पण मशीन, लायसन्स आणि वीज आमचीच. ताईचं म्हणणं, त्याचा वेगळा दर लावून मशीन-तास म्हणून बिल करावं. माझं म्हणणं, ग्राहकाशी आधी बोलल्याशिवाय एक मिनिटही लावायचं नाही. तोवर ते तास वेगळ्या जॉब नंबरखाली साठत आहेत, शून्य दराने, आणि पुढच्या गुरुवारच्या यादीत हा विषय पहिला आहे.